बाळंतपणाला चालते, यादीत चालत नाही



जिल्हा बैठकीत कापसाच्या भावावर बोलायला वेळ पुरत नाही, तिथे हा बायकांचा विषय कशाला काढला, असे काहीजण म्हणतील. म्हणू द्या. ज्या घरात कापूस पिकतो त्याच घरात हा विषय आहे, आणि भावाच्या प्रश्नाइतकाच तो लपवून ठेवलेला आहे. अठराच्या आत आई झालेल्या आपल्याच पोरींबद्दल आम्ही लिहितो आहोत. त्यांचे लग्न कसे झाले, कोणी लावले, यावर रान उठवणारे पुष्कळ आहेत. लग्न झाले, दिवस गेले, लेकरू झाले, त्यानंतर त्या पोरीचे काय, हे विचारायला कोणी तयार नाही. सरकार तयार नाही आणि आपणही नाही.

आधी सरकारचा हिशोब पाहू.

पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये देणारी प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ पासून चालू आहे. २०२२ मध्ये तिचे नवे नियम आले. तीन हजार आणि दोन हजार असे दोन हप्ते, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार. याच नियमांत वयाची अट आहे: अठरा वर्षे सात महिने ते पंचावन्न वर्षे. हे सात महिने कोणत्या पंचांगातून काढले? आमचा तर्क असा की अठरा पूर्ण झाल्याबरोबर लग्न, त्याबरोबर दिवस, आणि त्यापुढे नोंदणीचा वायदा असा हिशोब कोणा बाबूने दिल्लीत बसून मांडला असावा. गंमत पहा. पंचावन्न वर्षांची बाई गरोदर राहिली तर तिच्यासाठी दार उघडे आहे. अशा किती बाया आपल्या तालुक्यात आहेत ते आशाताईला विचारा. सोळा-सतराच्या किती आहेत तेही विचारा. ती इकडेतिकडे पाहून मग हळू आवाजात सांगेल.

आता यावरचा कायदा बघा. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, कलम ४. सरकारी नोकरीतल्या आणि तसाच लाभ दुसरीकडून घेणाऱ्या बाया सोडून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान सहा हजार रुपये मिळायचे आहेत. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. वयाचा उल्लेख त्या कलमात नाही. कलमाच्या सुरुवातीला केंद्र सरकार आखील त्या योजनांच्या अधीन राहून असे शब्द आहेत, आणि त्या फटीतून सरकारने सहाचे पाच केले, प्रत्येक बाळंतपणाचे पहिले बाळंतपण केले आणि प्रत्येक मातेची अठरा वर्षे सात महिन्यांची माता केली. संसदेने दिलेले कार्यालयाने कापले. कापसाच्या ग्रेडिंगमध्ये आपले जे होते तेच हे. हमीभाव जाहीर होतो क्विंटलला, आणि केंद्रावर गेले की ओलावा आहे, पत्ती आहे, धागा आखूड आहे.

वयाची अट काढता येत नाही, काढली तर बालविवाहाला उत्तेजन मिळेल, असे साहेब लोक सांगतात. त्यांना त्यांचीच फाईल दाखवायला हवी. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली तेव्हा आपल्यासारख्या राज्यांत आईचे वय एकोणीस पाहिजे, दोनच बाळंतपणे पाहिजेत, अशा अटी होत्या. मे २०१३ मध्ये केंद्राने त्या काढून टाकल्या. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईने दवाखान्यात बाळंतपण केले तर खेड्यात सातशे रुपये, वय कितीही असो. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातही वय विचारलेले नाही. सरकारी दवाखान्यातले बाळंतपण फुकट, सिझर फुकट, औषध फुकट, रक्त फुकट, घरी सोडायला गाडी फुकट. म्हणजे एक खाते म्हणते, पोर सोळाची असली तरी ये, आम्ही सोडवतो. दुसरे खाते म्हणते, तू आई झालीसच कशी, आमच्या यादीत तू नाहीस. सरकार एक, पोर तीच, लेकरू तेच.

याद्या आणखी आहेत. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, ती एकवीस ते पासष्ट वयाची. किशोरवयीन मुलींच्या पोषण आहाराची केंद्राची योजना चौदा ते अठरा वयाच्या मुलींसाठी, पण ती फक्त ईशान्येकडच्या राज्यांत आणि आकांक्षित जिल्ह्यांत. महाराष्ट्रात असे जिल्हे चारच आहेत: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. परभणीची पोर त्यात नाही, बीडची नाही, जालन्याची नाही, यवतमाळची नाही. तिला मुलगी म्हणून आहार मिळत नाही आणि आई म्हणून पैसा मिळत नाही.

हे जिल्हे आम्ही उगाच घेतले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. वीस ते चोवीस वयाच्या बायांना विचारले की लग्न अठराच्या आत झाले का. महाराष्ट्रात शंभरात बावीस जणींनी हो म्हटले. परभणीत शंभरात अठ्ठेचाळीस. बीडमध्ये शंभरात जवळपास चव्वेचाळीस. पाहणीच्या वेळी पंधरा ते एकोणीस वयाच्या ज्या मुली होत्या त्यांच्यात शंभरात सात-आठ जणी आई झालेल्या किंवा पहिलटकरीण होत्या, हा राज्याचा आकडा. हे सगळे घरी आलेल्या परक्या माणसाला सांगितलेले आहे. जे सांगितले नाही ते वेगळे.

शहरातले लोक हे आकडे वाचून म्हणतात, खेडवळ माणसे अडाणी, सुधारणार नाहीत. बीडचा बाप काय हौसेने पोर उजवतो? ऊसतोडीची उचल कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या गड्याला अर्धा कोयता. दसरा-दिवाळीला घर सोडायचे, तर वयात आलेली पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर नेली तर कोपीला दार नाही. ऊसतोडवाल्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहे २०२१ मध्ये मंजूर झाली, ती तीस वर्षे आधी का झाली नाहीत हे कोणी सांगत नाही. यवतमाळ, वर्ध्याकडे ऊस नाही, तिथे वेचणी आहे. वेचणीच्या दिवसांत शाळेचा पट निम्मा होतो, एकदा सुटलेली आठवी-नववी पुन्हा धरता येत नाही, आणि घरी बसलेल्या पोरीचे वय वाढले की हुंडा वाढतो. कृषी केंद्राची उधारी बाकी, वरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने बाहेरच्या कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले, ऐन वेचणीच्या तोंडावर. ज्या हंगामात कापूस पडेल भावात जातो, त्या हंगामात उन्हाळ्यातली लग्ने कोणत्या वयाच्या मुलींची लागतात, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

तरीही आम्ही असे म्हणणार नाही की भाव मिळाला की हे आपोआप थांबेल. ऊस-द्राक्षाच्या बागायती पट्ट्यातही कोवळ्या पोरींची लग्ने होतात, आणि तिथे उधारीचे निमित्तही नसते. आपल्यातला हा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

पण आमचा मुद्दा लग्नानंतरचा आहे. पैसे आणि सोयी दिल्या तर बालविवाह वाढतील, असे म्हणणाऱ्याने एवढे सांगावे: पाच हजार मिळतील म्हणून कोणत्या बापाने पोरीचे लग्न उरकले? मांडवाचे भाडे तरी पाच हजारांत भागते का? लग्न ज्यांनी लावले त्यांना शिक्षा करायची तर कायदा आहे. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा लावून देणाऱ्याला, जमवणाऱ्याला आणि अठरावरच्या नवऱ्याला दोन वर्षे सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड सांगतो. त्या कायद्यात मुलीला शिक्षा नाही. मग आहार आणि पैसा तोडून तिलाच शिक्षा करण्याचा अधिकार योजनेच्या नियमांना दिला कोणी? पोटातल्या जिवाने तर कोणता मांडव घातला होता?

आता दवाखान्याचे.

सोळाची पोर गरोदर राहते तेव्हा तिचे स्वतःचे अंग अजून वाढत असते. खाल्लेले अन्न पोटातल्या बाळाला आणि तिच्या वाढीला, दोघांना पुरायचे असते. कंबरेचे हाड पुरते भरलेले नसते, त्यामुळे बाळंतपण अडते. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका मोठ्या बाईपेक्षा जास्त. त्यात आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी. बाळ अडीच किलोच्या आत भरण्याची भीती. म्हणून जिला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वेळा दवाखान्यात नेले पाहिजे, ती हीच. आणि दवाखान्यात सगळ्यात उशिरा पोचते तीही हीच.

उशिरा का? कारण तिथे पोलीस आहेत. २०१२ चा पोक्सो कायदा अठराच्या आतल्या सगळ्यांना बालक मानतो. गरोदर अल्पवयीन मुलगी समोर आली की डॉक्टरने खबर दिलीच पाहिजे, नाही दिली तर त्यालाच सहा महिने कैद होऊ शकते. लग्न झाले आहे हा बचाव ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला, आणि योग्यच केले. पंधरा-सोळाच्या पोरीवर नवरा म्हणून जबरदस्तीचा परवाना कोणाला असता कामा नये. पण त्याच कायद्यात, मुलीला दिवस गेले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी शिक्षा वीस वर्षे आहे. ही बातमी गावागावात पोचलेली आहे. योजनेची माहिती पोचायला दहा वर्षे लागतात, ही दहा दिवसांत पोचली. त्यामुळे घरचे काय करतात? वय चोरतात. सोळाची पोर कार्डावर एकोणीसची होते. आशाताईला माहीत असते, नर्सबाईला माहीत असते, सगळे मान खाली घालून लिहितात. मग कागदावर ती अतिजोखमीची माता राहतच नाही. तिला चांगली जाणती बाई समजून तपासले जाते. नाहीतर मग खासगीत, तालुक्याबाहेर, जिथे कोणी विचारत नाही अशा ठिकाणी. तिथले बिल भरायला पुन्हा सावकार. आणि काही पोरी घरीच बाळंत होतात, कुडाच्या आड.

पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत चांगली आहे, पण कागदाच्या राज्यात ती पोरीच्या मुळावर येते. नाव सासरच्या गावात नोंदलेले, सातव्या महिन्यात ती माहेरी आलेली, इथली आशा म्हणते माझ्या यादीत नाही, तिथली म्हणते गाव सोडून गेली. फडावर गेलेल्या पोरीची तर दोन्हीकडे नोंद नाही. बाळंतपण दवाखान्यात झाले तरी त्यानंतर बेचाळीस दिवसांत आशाने सहा वेळा घरी यायचे असते: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. आपल्या घरी कितीदा आली ते बायकांना विचारा. आशाला दोष देऊन उपयोग नाही. तिला मिळणारा मोबदला आणि तिच्या डोक्यावरची कामे पाहिली तर तीही आपल्यासारखीच, कोरडवाहूच.

पोलिसांचा धाक घातला की काय होते ते आसामात दिसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने बालविवाहाच्या नावाखाली तीन हजारांवर माणसे पकडली, जुनी लग्ने उकरून. बापे तुरुंगात, लेकुरवाळ्या पोरी ठाण्यासमोर बसलेल्या. गरोदर पोरी दवाखान्याचे नाव घ्यायला घाबरू लागल्या. टाळ्या वाजवणारे वाजवून गेले. त्या पोरींच्या चुलीत पुढे काय पेटले, हे पाहायला कोणी थांबले नाही.

एवढे असून कायद्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. पोक्सोत नुसती अटक नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे आहे. समितीने त्या पोरीची काळजी, तिचे राहणे, तिचे शिक्षण पाहायचे आहे. २०२० च्या नियमांप्रमाणे तिला मदतीला एक माणूस नेमून द्यायचा, जो खटला संपेपर्यंत सोबत राहील. अन्न, कपडे, येण्याजाण्याचा खर्च अशा तातडीच्या गरजांसाठी समिती रकमेची शिफारस करू शकते, आणि ती रक्कम आठवड्याच्या आत द्यायची आहे. पोरगी आणि तिचे पालक यांनी तसे सांगितले तर गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव डॉक्टरने खबरेत घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीला चोवीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची सोय आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलगी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत लग्न रद्द करून मागू शकते, पुन्हा लग्न होईपर्यंत तिला पोटगी आणि राहायला जागा मागता येते, आणि लग्न रद्द झाले तरी लेकरू औरस राहते. म्हणजे त्या लेकराचा बापाच्या वावरातला हक्क बुडत नाही. सातबाऱ्यासाठी भाऊ भावाच्या उरावर बसतो त्या आपल्या मुलखात हे कलम एकाही तलाठ्याने मोठ्याने वाचून दाखवलेले नाही.

अर्धा कायदा राबवला तर काय होते याचा निकाल खुद्द सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. पश्चिम बंगालमधली चौदा वर्षांची मुलगी २०१८ मध्ये पंचवीस वर्षांच्या माणसाबरोबर घर सोडून गेली आणि पुढे आई झाली. खटला झाला, शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सोडले, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा दोषी ठरवले आणि तज्ज्ञांची समिती नेमून त्या मुलीला विचारायला लावले. २३ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी निकाल दिला. गुन्हा कायम, पण शिक्षा भोगायला लावायची नाही. कारण गुन्ह्यापेक्षा जास्त तिला पोळले ते नंतरच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांनी. समाजाने, तिच्या घरच्यांनी आणि कायद्याच्या यंत्रणेने, तिघांनीही तिला वाऱ्यावर सोडले, असे न्यायालयाने नोंदवले. नवऱ्याला सोडवायला तिने वकिलांच्या मागे पैसा घातला, कर्ज काढले. पहिल्या दिवशी समिती, आहार, शाळा मिळाली असती तर हे सात वर्षांचे वनवास टळले असते. न्यायालयाने मग राज्य सरकारला तिच्या आणि लेकराच्या शिक्षणाचा भार उचलायला सांगितले. हा निकाल त्या एका मुलीपुरता आहे, तो दाखला धरून कोणी सुटका मागू नये. पण मदतीचे जे आदेश न्यायालयाने तिच्यासाठी काढले, ते कायद्यात आधीच सगळ्यांसाठी लिहिलेले होते.

अशी मदत ही काही दिल्लीची किंवा परदेशाची नवी टूम नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेव्हा ज्या पोरी अडचणीत येत त्या कोण होत्या? आठव्या-नवव्या वर्षी लग्न लागून, कळत्या वयात येण्याआधीच विधवा झालेल्या ब्राह्मणांच्या लेकी. दिवस गेले की विहीर नाहीतर लेकराचा गळा, एवढ्या दोनच वाटा. फुल्यांनी भिंतीवर पत्रके लावली की इथे या, गुपचूप बाळंत व्हा, लेकरू न्यायचे तर न्या, ठेवायचे तर ठेवा. आधी जातीची चौकशी करू, आधी चालचलन पाहू, असे त्यांनी म्हटले नाही. तिथे बाळंत झालेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्याच्याच दवाखान्यात रोगी आणून टाकता टाकता जीव ठेवला. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाचे हे काम आपण सोयीने विसरतो. आणि ज्यांची नावे आपण शाळेच्या कमानीवर घालतो त्या डॉक्टर आनंदीबाई जोशी? नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत लेकरू गेले. त्यातून त्या डॉक्टर व्हायला उठल्या. अशी पोर जिद्दीने उठते हे खरे, पण प्रत्येकीने अमेरिकेला जायचे काय? आपल्या पोरीला तालुक्याला जाऊन दहावीचा पेपर देता आला तरी पुष्कळ आहे.

दहावीचे निघाले म्हणून. बाळंत झालेली पोर पुन्हा शाळेत आली तर बाकीच्या बिघडतील, असे मास्तर सांगतात. लेकुरवाळ्या मुलीचे नाव पटावरून काढा, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे ते त्यांनी दाखवावे. आम्ही वाट पाहू. वर्गात बसायला लाज वाटत असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येते. पण फॉर्मला लागणारा शाळा सोडल्याचा दाखला सासरच्या ट्रंकेत, आधारवर आडनाव नवे, आणि अभ्यासाच्या दोन तासांत लेकराला धरणार कोण? अंगणवाडीत पाळणाघर करण्याची केंद्राची पाळणा योजना आहे. आपल्या तालुक्यात तिचा एक तरी पाळणा हलताना दिसला का? वेचणीच्या वेळी धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधतात, हेच आपले पाळणाघर.

आणि त्या पोराचे, म्हणजे लेकराच्या बापाचे काय? तोही पुष्कळदा अठरा-एकोणीसचाच. लग्नाचे कायदेशीर वय मुलासाठी एकवीस, म्हणून तोही चोरून नवरा आणि चोरून बाप. त्याच्यासाठी एकही योजना नाही. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांतून मैत्री क्लिनिक नावाची खोली आहे. तिथे त्याने जायचे असते हे त्याला कोणी सांगितलेले नाही, आणि खोलीला बहुतेक वेळा कुलूप असते. तो पुण्याला किंवा सुरतेला कंपनीत जातो, पैसे पाठवतो किंवा पाठवत नाही. मारहाण करणारा, टाकून देणारा असेल तर त्याला पाठीशी घालायचे आम्हाला काही कारण नाही. पण घाबरलेल्या पोराला बाप म्हणून उभे राहायला दोन शब्द सांगणारा माणूस गावात नसावा?

आता घरातले बोलू, कारण सरकारला शिव्या देऊन झाल्यावर घरी जायचेच आहे. बाळंतिणीला सव्वा महिना, हा आपला जुना नियम. सोळाच्या सुनेला तो किती घरांत मिळतो? पऱ्हाटीची खुरपणी आली की विसाव्या दिवशी वावरात. ताटातले दूध-तूप पोराच्या बापाला, डाळीचे पाणी हिला. सोनोग्राफीची तारीख पाळीपेक्षा जुनी निघते म्हणून कुजबूज करणाऱ्या बाया आपल्याच, आणि पोरीला रात्रभर कळा आल्यावर आता सकाळी पाहू म्हणणारे गडीही आपलेच. लेकराच्या जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. फॉर्मात आईचे वय विचारतात, लग्नाच्या वेळचे वयही विचारतात, म्हणून नोंद टाळली जाते. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकराला शाळेपासून पासपोर्टापर्यंत जन्माचा दाखलाच लागणार आहे. वर्ष उलटले की कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या हुकमासाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजवायच्या. बापाने लपवलेले ओझे पाच वर्षांचे लेकरू शाळेच्या दारात उचलणार.

ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हे गावचे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर तेच असतात, हे आम्ही सांगायला नको. लग्न अडवायचे तर मांडवाच्या आधी अडवा, १०९८ वर फोन करा, आम्ही सोबत उभे राहू. पण मांडवात जेवून नंतर दवाखान्यात नाव कळवणारे अधिकारी आम्हाला नकोत.

या बैठकीत ठराव मांडायचा आहे तो असा. मातृवंदना योजनेची वयाची अट जशी जननी सुरक्षा योजनेची २०१३ मध्ये काढली तशी काढावी आणि रक्कम कायद्याप्रमाणे सहा हजार करावी. किशोरींच्या आहाराची योजना चार जिल्ह्यांत न ठेवता कापूस-ज्वारीच्या आणि ऊसतोडीच्या सगळ्या तालुक्यांत आणावी. अल्पवयीन गरोदर मुलगी दवाखान्यात आली की खबर जाईल तशीच त्याच दिवशी बाल कल्याण समितीची मदतही तिच्यापर्यंत जावी, आणि जिल्ह्यात अशा किती मुलींना तातडीची रक्कम मिळाली याचा आकडा जिल्हाधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी फलकावर लावावा. नाव नको, आकडा. माहेर-सासर-फड या तिन्ही ठिकाणी चालेल अशी आहाराची आणि तपासणीची एकच नोंद असावी. ठरावाची प्रत आमदार-खासदारांना द्यायची आहेच, पण जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीपुढे ती वाचून दाखवायला पन्नास बाया घेऊन जायचे आहे. गडी मागे उभे राहतील, पुढे नाही.

सरकार ऐकेपर्यंत आपल्या हातातले काम आहे ते वेगळे. ज्या गावात आपली शाखा आहे तिथल्या दोन मायबहिणींनी आशाताईबरोबर बसून गावात अठराच्या आतल्या गरोदर आणि लेकुरवाळ्या मुली किती आहेत ते मोजावे. नाव, आडनाव, जात काही लिहू नये, गावाचे नाव आणि संख्या एवढेच. प्रसूतीच्या वेळी गाडी कोणाची, रक्त लागले तर कोण देणार, रात्री सोबत कोण जाणार, हे आठव्या महिन्यातच ठरलेले असावे. जवळच्या आरोग्य केंद्रात दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायांची खास तपासणी असते. त्या दिवशी अशा पोरीला बैलगाडीने, मोटारसायकलने, जमेल तसे पोचवायचे आणि डॉक्टरला खरे वय सांगायचे. विचारपूस झाली तर तिच्या बाजूने बोलायला शाखेचे दोन जण हजर असले पाहिजेत.

संख्येचे कागद पुढच्या जिल्हा बैठकीला आणायचे आहेत. ज्या गावचा कागद शून्य लिहून येईल, त्या गावच्या कार्यकर्त्यांना आम्ही पुन्हा एकदा मोजायला पाठवू.